खपली पडेपर्यंत

मोंबासाला जायला काय काय लागतं ते मला दोघांनी सांगितलं, आणि त्या दोघांचं एका शब्दानंही जुळलं नाही. पहिले माझे यजमान. ते तिकडे रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. लग्नानंतर काही दिवसांतच गेले, आणि आता बिऱ्हाड थाटून मला बोलावत होते. त्यांनी पत्रातून बजावलं होतं की हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आण, मच्छरदाणी आण, पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस, आणि मुख्य म्हणजे देवी टोचून घे. दंडावर फोड उठून आल्याची खूण दिसली नाही, तर गोदीत बोटीवर चढू देत नाहीत.

दुसऱ्या माझ्या सासूबाई. नागावच्या आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीतून त्या कधी अलिबागच्या बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या, पण परमुलखात माणसाला काय काय होतं ते त्यांना बारीकसारीक ठाऊक होतं. सुंठ, ओवा, मुरडशेंग, वेखंड, सगळ्याच्या पुरचुंड्या त्यांनी एका डब्यात भरल्या. बोट लागली तर चोखायला आमसुलं दिली. शिवाय विहिरीकाठची मूठभर माती. ती तिथल्या पाण्यात चिमूटभर कालवून पहिल्या दिवशी प्यायची, म्हणजे परकं पाणी बाधत नाही.

"पाणी उकळून मग माती घालायची, का माती घालून मग उकळायचं?" मी विचारलं.

"चावटपना नको गो," त्या म्हणाल्या. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. जात्याच चौकस बाईचं आमच्याकडे कुणी खरं धरत नाही.

लहानपणी देवी टोचणारा गावात आला की आई मला पेंढ्याच्या उडवीमागे लपवायची. त्यामुळे विशीला आल्यावर मी चावडीत शेंबड्या पोरांच्या रांगेत दंड उघडा करून बसले. टोचणाऱ्यानं बारीक नळीतला थेंब दंडावर टाकला आणि सुरीच्या टोकानं ओरखडे काढले. हे कशाचं पाणी, म्हणून मी विचारलं. वासराच्या अंगावरच्या फोडाचं, तो म्हणाला. मग वासराला येणारी देवी माणसाच्या देवीला अडवते कशी? दोघींची ओळख असते का? त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, इतकी वर्षं टोचतोय, हे कुणी विचारलं नव्हतं," एवढं म्हणून तो पुढच्या पोराकडे वळला. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

ताप आला आणि फोड उठले. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. रोज सकाळी उजेडात जाऊन मी दंड बघायची. मोत्यासारखे टपोरे फोड, प्रत्येकाच्या मधोमध बारीकसा खळगा. बोटीवर चढायची परवानगी माझ्या अंगावरच उगवून येत होती.

मग ते फोड सासूबाईंनी पाहिले आणि घराची रीत एका दिवसात पालटली. फोडणी बंद झाली, मासळी बंद झाली. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. थोरल्या जाऊबाईंनी केस विंचरायचे सोडले. देवी सुईनं आणली काय किंवा आपण होऊन आली काय, सासूबाईंच्या लेखी पाहुणी ती पाहुणीच. कालपर्यंत मला "उठ गो, केर काढ" म्हणणाऱ्या त्या, आता माझ्यापुढे दहीभाताची वाटी ठेवून हात जोडायच्या. मला आधी हसू यायचं. मग लाज वाटायला लागली. खरं सांगायचं तर दोन दिवसांनी थोडं आवडायलाही लागलं.

पण एका सकाळी त्यांनी माझी बांधलेली वळकटी सोडली. "अंगात माय हाय तवर पानी वलांडायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "खपली पडली की मग जा."

खपली पडायच्या आत बोट सुटणार होती. ती चुकली की पावसाळा, आणि पावसाळ्यात त्यांनी मला समुद्रात पाठवणं शक्यच नव्हतं. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हेच. खूण असल्याशिवाय गोदीत सोडत नव्हते, आणि खूण असेपर्यंत सासूबाई सोडत नव्हत्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर मी घालवलेले दिवस माझ्या बोटांवर मोजता आले असते. मी भिंतीकडे तोंड करून रडले, रागानं ताट परत पाठवलं. देवी कोपली असं समजून त्यांनी आणखी थोडं दही आणून ठेवलं.

जाऊबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा माझा राग जागच्या जागी जिरला. सासूबाईंना एक मुलगी होती. तिला देवी आल्या तेव्हा खाडीपलीकडच्या वैद्याकडे न्यायचं ठरलं, आणि ती होडीतच गेली. त्यांच्याच मांडीवर. तेव्हापासून त्या होडीत बसल्या नव्हत्या. त्या दिवशी मी ताट परत पाठवलं नाही.

त्यानंतर एका सकाळी त्यांनी माझ्यावर कडुनिंबाचं पाणी शिंपडलं आणि उठून जायच्या ऐवजी समोरच बसल्या. हात जोडले.

"माय, आमी अडानी मानसं. तुमच्या मनात काय हाय ते तुमीच सांगा. हितं ऱ्हायाचं, का म्होरं जायाचं?"

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. त्या मलाच विचारत होत्या, आणि मला विचारत नव्हत्या. मी सून म्हणून बोलले असते तर त्यांनी ऐकलं नसतं, आणि देवी म्हणून बोलायची मला भीती वाटत होती. शेवटी तोंडातून आलं ते एवढंच, "जायचंय."

"मंग आमी कोन अडवनार?" त्या म्हणाल्या, आणि उठून माझी वळकटी पुन्हा बांधायला लागल्या. त्यांनी तो प्रश्न देवीसाठी विचारला की माझ्यासाठी, हे मी अजून ताडून पाहते. दोर मात्र त्यांनी इतका घट्ट आवळला की तो मोंबासाला कोयत्यानं कापावा लागला.

पाहुणीला एकटं धाडायचं नसतं, म्हणून त्या स्वतः पोचवायला आल्या. रेवसच्या बंदरात आगबोटीच्या फळीवर पाय ठेवताना त्यांनी माझा हात धरला, तो थेट मुंबईच्या धक्क्यावर सोडला. वाटेत पाण्यात नारळ सोडला तोही डाव्या हातानं, कारण उजवा माझ्या हातात होता. गोदीत बायकांना तपासायला एक मडम होती. तिनं अंगठ्यानं खपली दाबली, तशा सासूबाई पुढे सरसावल्या. "हळू. माय हाय ती!" मडमेला काय समजलं कोण जाणे, पण तिनं दुसऱ्यांदा अगदी हलका हात लावला आणि शिक्का मारला.

निघताना मी पाया पडायला वाकले. त्या झटकन मागे सरल्या.

"न्हाय न्हाय. देवीचा नमस्कार मी कशी घेऊ?"

एवढ्या लांब जायचं, परत भेट कधी ते माहीत नाही, आणि डोक्यावर हात नाही. माझे डोळे पाहून त्यांनाच सुचलं असावं. "खपली पडंल तवा करा," त्या म्हणाल्या. "जिथं असाल तिथनं, घराकडं तोंड करून. मी हितनं हात ठेवीन."

खपली भर समुद्रात पडली. घर कुठल्या बाजूला ते मला कळेना. एक खलाशी आगरदांड्याचा निघाला, त्याला विचारलं. "आपला मुलुख? तो पार मागं, धुराच्या खाली," त्यानं हात करून दाखवलं. मी त्या दिशेला डेकवर कपाळ टेकवलं. मला बोट लागली असं वाटून एका बाईनं लिंबू पुढे केलं.

मी परत आले तेव्हा सासूबाई राहिल्या नव्हत्या. जाऊबाई मला वाडीमागच्या समुद्राच्या पुळणीवर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, तू गेल्यावर रोज सांजेला त्या इथं येऊन उभ्या राहायच्या. वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवावा तसा हात पाण्याकडे पुढे धरून. पावसानं हाकलेपर्यंत एक दिवस चुकला नाही. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "खपली कवा पडंल त्ये मला हितं कसं कळनार?"