सरांनी ओतलेली काच

सर गेले तेव्हा त्यांनी ओतलेल्या काचेची एकच कांडी माझ्याकडे उरली होती. करंगळीएवढी, फिकट जांभळी, आत एकही बुडबुडा नाही. लेसरसाठी निओडिमियम मिसळलेली काच आम्ही विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत बनवत होतो. एका वेळी वितळवलेल्या काचेला आम्ही घाणाच म्हणायचो. माझ्याकडच्या कांडीच्या घाण्यातल्या बाकीच्या कांड्या भट्टीत हळूहळू निवत असताना वीज गेली आणि एकदम गार पडून त्या तडकल्या. सत्तरच्या दशकातलं कोल्हापूर. वीज कुणाला विचारून जात नसे.

कांडीतून जाताना प्रकाश किती वाकतो, कोणता रंग ती गिळते, हे सरांबरोबर बसून मोजून झालं होतं. उरलं होतं तापवणं. उजेडाची मापं आधी, उष्णतेची मागाहून, हा आमचा रिवाज. कारण काच किती अंशाला मऊ पडते हे बघायचं तर ती मऊ पडेपर्यंत तापवावी लागते, आणि मग कांडी कांडी राहत नाही.

माझ्या प्रबंधात तेवढा एक रकाना मोकळा होता. दिवाळी होऊन गेली तरी हात धजेना. सर काही गोड माणूस नव्हते. साचा नीट पुसला नाही म्हणून सगळ्यांदेखत खरडपट्टी काढायचे. तरी मी ती कांडी भट्टीपर्यंत न्यायचे आणि परत खणात आणून ठेवायचे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सरांच्या जागी आलेले गृहस्थ म्हणाले, "दुसऱ्या घाण्याचा आकडा घाला की. कोण बघतंय?" प्रत्येक घाण्याचा आकडा वेगळा येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! माझं डोकं फिरलं. त्याहून राग याचा आला की क्षणभर मलाही ते पटलं.

शेवटी मी कांडी कागदात गुंडाळून शिवाजी पेठेत काकूंकडे, सरांच्या पत्नीकडे, गेले. म्हटलं, "सरांच्या हातची ही शेवटची. तुम्ही ठेवून घ्या."

काकू जयसिंगपूरकडच्या, बोलणं सडेतोड. त्यांनी कांडी उजेडात धरून बघितली आणि माझ्या हातात परत दिली.

"कपाटात ठिवायला वतली हुती व्हय त्यांनी? जा, तापव."

दुसऱ्या दिवशी तापवली. काच लांबत जाईल तसा यंत्राचा काटा पुढे सरकत होता आणि मी एकेक आकडा टिपत होते. मग काटा थांबला, आणि मागे फिरला. आत काच मऊ पडून बसली होती. तो अंश मोकळ्या रकान्यात लिहिला. भट्टी निवल्यावर कांडी बाहेर काढली तर बुटकी, वाकडी झालेली, ओळखू न येणारी.

संध्याकाळी ती तशीच काकूंकडे घेऊन गेले. त्या बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"आकडा घावला?"

"हो."

"लिवलास?"

"लिहिला."

"मग रड आता," काकू म्हणाल्या, आणि माझ्याआधी त्याच रडायला लागल्या.