तिसरी वायर

आमची जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार रस्त्यावर झकास पळते, पण जागेवर उभी राहिली की थरथरते. आज कारण शोधायचंच म्हणून बॉनेट उघडलं. बायको आत बसून इंजिनाचा आवाज ऐकत होती. मी रबरी हातमोजे घालून चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून पाहत होतो. पहिली काढली, इंजिन गचके खायला लागलं. ती लावून दुसरी काढली, पुन्हा तेच. मग तिसरी काढली.

"अहो, काढताय ना?"

"काढली की!"

"मग आवाज कसा बदलला नाही?"

म्हणजे बिघाड इथेच. जो सिलिंडर आधीच मेलाय, त्याची वायर असली काय, नसली काय, इंजिनाला पत्ताही लागत नाही.

नोकरी होती तोवर मीही पळत होतो. ती सुटली, घरी बसलो आणि ही थरथर सुरू झाली.

वायर तशीच लोंबकळत ठेवून मी म्हणालो, "जरा जाऊन येतो गं."

"बरं."

कुठे, असं तिनं विचारावं म्हणून मी फाटकाशी थांबलो. मागे इंजिन थरथरतच होतं. आवाजात काडीचाही फरक नव्हता.