साडूंची फौजी मोटरसायकल

माझ्या साडूंइतका उतावळा, आनंदी आणि घरच्यांना घाम फोडणारा माणूस अख्ख्या वाळवा तालुक्यात दुसरा नसेल. आणि असलाच तर तो आत्ता त्यांच्याच घरी जेवायला बसलेला असेल, कारण असली माणसं ते रस्त्यातून हाताला धरून घरी आणतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी ऊस करतात, असं सांगायची पद्धत आहे. ऊस खरं तर अक्का करतात. साडू उसाच्या कडेकडेने मोठ्यांदा बोलत फिरतात. स्वयंपाकघराला ते अजून लंगर म्हणतात. दारात पाहुणा दिसला की 'नफरी वाढली!' असं आत ओरडून सांगतात, आणि दुपारी डोळा लागला तर त्याला रेस्ट म्हणतात, म्हणजे तो आळस ठरत नाही. मी सांगलीत विम्याच्या कचेरीत उभा जन्म टेबलापाशी काढला, याची त्यांना मनापासून कीव येते. "आवं साडू," ते माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणतात, "तुमी बसून बसून गंजलाय. तुमाला एकदा सगळं खोलून ग्रीस लावाय पायजे." हे बोलताना ते माझ्या गुडघ्याकडे अशा काही नजरेने बघतात की मी पाय आखडून घेतो.

एके दिवशी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावतोय तोच त्यांचा फोन आला. "साडू, घावली!" आदल्या आठवड्यात त्यांची एक म्हैस दावं तोडून गेली होती, म्हणून मी विचारलं, "कुठे होती?" "बंद पडलेल्या गुऱ्हाळात, चिपाडाच्या ढिगाखाली!" "जिवंत आहे ना?" "जाम हाय, पर जिवंत करतो!" म्हैस केव्हाच घरी आली होती, हा आनंद मोटरसायकलचा होता. दुसऱ्या महायुद्धातली, विलायती बनावटीची, लष्करी मोटरसायकल. कुणीतरी ती लिलावातून आणली होती, मग तिच्या इंजिनावर पाणी उपसलं होतं, आणि मग ती चिपाडाखाली गेली होती. मी दुपारच्या एस.टी.ने जाऊन पाहिली. मला दिसला तो एक गंजका सांगाडा, दोन चाकं आणि त्यात कोंबडीने घातलेलं एक अंडं. साडूंना मात्र ती पूर्ण दिसत होती. ते तिच्याभोवती फिरून नसलेल्या भागांवरून हात फिरवत होते.

त्या नसलेल्या भागांचा शोध हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं ऑपरेशन ठरलं. जुन्या वस्तू टाकून द्यायच्या नाहीत ही आमच्याकडची रीत असल्यामुळे गाडी गावाबाहेर गेलीच नव्हती, फक्त घरोघर वाटली गेली होती. पुढचं मडगार्ड एका चुलीवर धूर अडवायला होतं. पेट्रोलची टाकी कोंबड्यांना पाणी पाजत होती. सीटची स्प्रिंग एका घराच्या दाराला लावली होती, म्हणून ते दार आपोआप मिटायचं आणि त्या घरच्यांना त्याचा फार अभिमान होता. साडू प्रत्येक घरी गेले, चहा प्यायले, गाडीची हकिगत पहिल्यापासून सांगितली आणि वस्तू मागून आणली. ज्या आजींनी हेडलाइटच्या वाटीत तुळशीपुढचा दिवा ठेवला होता त्यांना त्यांनी पितळी समई नेऊन दिली. दाराच्या स्प्रिंगच्या मोबदल्यात ते दार आठवडाभर स्वतः येऊन मिटेन असंही म्हणाले होते, पण घरमालकाने नको म्हटलं.

पुढची दोन वर्षं अक्कांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. कार्बोरेटर चिंचेच्या पाण्यात उकळला गेला, तोही पुरणाच्या पातेल्यात. मी एकदा जेवायला बसलो असताना अक्कांनी लोणच्याच्या बरणीत चमचा घातला आणि वर आली ती चेन. साडूंचा चेहरा उजळला. "आरं तिच्या, मी लय हुडकली हिला! तेलात मुरवाय ठेवली हुती." मी ते जेवण दह्यावर भागवलं. मग रंगाचं पर्व सुरू झालं. फौजेचा तो हिरवा रंग अगदी तसाच जमला पाहिजे म्हणून साडू डबे कालवत राहिले, आणि प्रत्येक चुकलेला डबा वाया जाऊ नये म्हणून कशाला ना कशाला फासत राहिले. फाटक हिरवं झालं, गव्हाण हिरवी झाली, अक्कांचं शिलाई मशीन हिरवं झालं. "रंग काय संपंना," अक्का माझ्या बायकोला म्हणाल्या, "म्हणून मी आता घरात सारखी हिंडती. एका जागी बसायची सोयच न्हाई."

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर ते शंभर कारणं सांगायचे, पण खरं कारण एकच होतं आणि ते सगळ्या घराला माहीत होतं. फौजेत साडूंना मोटरसायकल चालवायला आणि खोलायला ज्यांनी शिकवलं, ते त्यांचे उस्ताद. शिकवणाऱ्या माणसाला फौजेत उस्तादच म्हणतात. आमचे हे उस्ताद नेमके आमच्याच भागातले, साडूंच्या गावापलीकडे दोन शिवारं सोडून राहणारे, एका मुसलमान घरातले. शिकाऊ पोरांना आपटायला म्हणून फौजेच्या ट्रेनिंगला असलीच एक महायुद्धातली गाडी ठेवलेली होती. तिच्यावर साडू शिकले, पडले, पुन्हा शिकले, पुढे त्यात पहिले आले. पण उस्तादांनी त्यांना शाब्बास म्हणून कधी म्हटलं नाही. त्यांची जास्तीत जास्त तारीफ म्हणजे 'चालंल.' सुभेदार झाल्यावर साडू पेढे घेऊन गेले तेव्हाही पेढा खाऊन उस्ताद म्हणाले होते, "चालंल." आता उस्ताद थकले होते, अंगणातल्या बाजेवरून फारसे उठत नव्हते, आणि डॉक्टरांनी त्यांना कुठे हलवायचं नाही म्हणून बजावलं होतं. "साडू," मला एकदा हात धुता धुता ते म्हणाले, "बाकी सगळी मेडलं हायती. त्यो एक शबुद तेवडा ऱ्हायलाय. त्यो घेतल्याबिगर मी काय मरत न्हाई." हे त्यांनी हसत म्हटलं, पण हात जरा जास्तच वेळ धूत राहिले.

गाडी दसऱ्याला सुरू करायची ठरलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, साडूंनी सगळे पाने, हातोड्या आणि पकडी धुऊन पुसून पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, ऊदबत्ती लावली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचा एक नट ढिलाच राहिलाय. त्यांनी पान्याला हात घातला तशा अक्का आडव्या आल्या. "पूजंतलं हत्यार उद्यापतुर उचलायचं न्हाई!" "आगं, एक नट हाय!" "नट ऱ्हाऊ दे न्हाईतर गाडी ऱ्हाऊ दे. हात लावायचा न्हाई." ज्या माणसाने सीमेवर पाठ दाखवली नाही तो तिथे माघारी फिरला, आणि शेवटी तो नट त्यांनी चुलीवरून भांडं उतरवायच्या सांडशीने आवळला. सांडशी पूजेत नव्हती, एवढा मुद्दा अक्कांनी मान्य केला.

दसऱ्याच्या सकाळी सगळी आळी जमली. साडू वर्दीतली बेरे टोपी घालून आले आणि किक मारायला लागले. आधी गाडी खोकली. मग शिंकली. मग त्यांनी टोपी काढून अक्कांकडे दिली, शर्ट खोचला, आणि अशी एक किक मारली की गाडीने एकदम तोंड उघडलं. काय तो आवाज! कोंबड्या छपरावर, म्हैस पुन्हा दावं तोडून पसार, पोरं किंचाळतायत, मी स्वतः, सांगलीचा शिस्तीचा माणूस, टाळ्या पिटतोय आणि अक्कांना 'चालू झाली, चालू झाली' असं सांगतोय, जणू त्यांना ते दिसत नव्हतं. साडू गाडीशेजारी सावधान उभे राहिले आणि त्यांनी तिला सॅल्यूट केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सॅल्यूट करताना डोळे पुसता येत नाहीत.

एवढं झाल्यावर कुणीही सरळ गाडीवर बसून उस्तादांकडे गेला असता. पण फौजेचा हिरवा रंग खाजगी गाडीला लावून ती सरकारी रस्त्यावर आणायला कायद्याने बंदी आहे, आणि हे साडूंना दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, त्यांनीच आम्हाला सांगितलं, गाडी पुसता पुसता. म्हटलं, मग काळा रंग द्या. "वर्दी उतरून परेडला जाऊ?" मग टेम्पोत घालून न्या. "ती काय म्हस हाय? चालती गाडी लादून न्हेली तर उस्ताद बाजंवरनं उटून मारत्याल." मग साडूंनी एक बेत काढला, जो फक्त त्यांच्याच डोक्यात येऊ शकतो. सरकारी रस्ता वर्ज्य असेल तर रस्त्याला चाक लावायचंच नाही, सगळा पल्ला लोकांच्या शेतांमधून, बांधाबांधाने मारायचा. पाणंदीचा प्रश्न निघाला तेव्हा ते तलाठ्याला जाऊन विचारून आले आणि ती सरकारी निघाली म्हणून तीही सोडली. मग पुन्हा घरोघर चहा. एका शेतकऱ्याने परवानगी दिली पण पाण्याची पाळी चुकवून या म्हणाला. एका मावशींची गाय व्यायला झाली होती, त्यांनी आपल्या वावरातून इंजिन बंद करून जा असं बजावलं. एकाने तर काही अट न घालता, नुसत्या आनंदाने, उसाची एक सरी मोडून वाट करून दिली.

निघालो त्या दिवशी पुढे साडू गाडीवर, मागे मी आणि निम्मं गाव चालत. मधे एकच डांबरी रस्ता ओलांडायचा होता. तिथे साडू उतरले, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "चाक टेकवायचं न्हाई. उचला!" आणि आम्ही उचलली. जाणारी येणारी वाहनं थांबली, एका ट्रॅक्टरवाल्याने तर उतरून हात जोडले. पलीकडच्या बांधावर गाडी टेकवल्यावर माझ्या पाठीतून असा काही आवाज आला की साडूंनी तिथल्या तिथे ग्रीसचा विषय पुन्हा काढला.

उस्ताद अंगणात उशाला टेकून बसले होते. वाळलेलं अंग, पांढरी दाढी, नजर मात्र जशीच्या तशी. साडूंनी गाडी बाजेला लागून उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. उस्तादांनी टाकीवर तळवा ठेवला, डोळे मिटले. आम्ही सगळे जवळ सरकलो. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "टायमिंग मागं हाय. नीट करून आन."

साडूंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. परतीच्या वाटेवरच ते बोलायला लागले. "बगितलं? कान बगितलं का म्हाताऱ्याचं?" त्यांनी टायमिंग पुन्हा बसवलं आणि पुढच्या आठवड्यात शेतांतून पुन्हा गेले. उस्ताद म्हणाले, टॅपेट वाजतोय. त्याच्या पुढच्या खेपेला सायलेन्सर फुटका बोलत होता. मग क्लच. मग चेन. दर खेपेला साडू 'जी उस्ताद' म्हणून टाच जुळवायचे, घरी येऊन गाडी खोलायचे आणि आनंदाने ग्रीसमध्ये बुडायचे. अशा एका खेपेला मी पाणी मागायला आत गेलो तेव्हा उस्तादांची सूनबाई पेला हातात देत हळूच म्हणाली, "दादा, अब्बांना ऐकू कुटं येतंय? कान पार गेल्यात. घरात समदं खुणंनं चालतंय. आठवडाभर तेवडी वाट बगत्यात, सुभेदार आल्यात का म्हून न्हाई, गाडी आली का म्हून इचारत्यात."

मला राहवलं नाही. परतताना मी साडूंना हे सांगितलं. ते थांबले नाहीत. "ठाव हाय मला. पयल्याच दिशी कळलं." "अहो, मग ते टायमिंग, तो टॅपेट?" "हुकूम हाय," ते म्हणाले, "फॉल्ट काडायचा म्हंजे काडायचा." आणि घरी जाऊन त्यांनी खरोखरच चेन काढून धुतली. त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसून ती पुसून दिली. मला हे माणूस फार आवडतं, ते त्या वेळी प्रथम नीट कळलं.

ऊस तुटून गेला, शिवार मोकळं झालं. आता वाट सोपी झाली होती, सरळ रेषेत जाता यायचं. संक्रांतीनंतर आम्ही गेलो तेव्हा उस्ताद उशाला टेकून बसलेले नव्हते, झोपूनच होते. साडूंनी गाडी अगदी जवळ नेली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि टाकीवर ठेवला. इंजिन संथ चाललं होतं. उस्तादांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते गाडीकडे बघतच नव्हते, साडूंकडे बघत होते. मग स्पष्ट आवाजात म्हणाले, "शाब्बास."

साडू उभे राहिले. टाच जुळवायला विसरले. मग एकदम खाली वाकून उस्तादांच्या कानाशी बोलायला लागले, मोठ्यांदा, घाईघाईने. "न्हाई उस्ताद, आजून हाय काम. क्लच सरकतोय. बिरेक लागंना म्हणावं तसा. म्हागचं चाक बी जरा डुलतंय, बगा तुमीच. पुडच्या आटवड्यात नीट करून आनतो, मग बगा." उस्तादांना त्यातलं काही ऐकू गेलं नसणार. त्यांनी टाकीवरचा हात उचलून साडूंच्या डोक्यावर ठेवला आणि नुसती मान हलवली.

आम्ही परत निघालो. साडूंनी किक मारली नाही, गाडी हाताने ढकलत चालले. मी पलीकडून हँडलला हात लावला. "मिळालं की हो साडू," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. पुढचं वावर संपलं, आणि बांध चढताना ते म्हणाले, "एवडी घाई कशापाय केली ओ त्यांनी?"