मशीनला साखर लागते

माझ्या ओट्यावर बर्फाचं सरबत करायचं एक मशीन आहे. आडवं पारदर्शक भांडं, आत जाड स्क्रू फिरतो, पुढं नळ. वरून सरबत ओतायचं, बटण दाबायचं, थोड्या वेळानं नळातून बर्फाचा मऊ चुरा पडतो. मुलगा पुण्याला असतो, त्यानं पाठवलं. मागच्या उन्हाळ्यात आलं तेव्हा त्याची आई होती. आता ती नाय, मशीन आहे. माझा राग तिथून सुरू होतो.

मी चौथी शिकलेला. वाळूजच्या कंपनीत पत्रा दाबायची प्रेस चालवून गारखेड्यात दोन खोल्या बांधल्या. लिहायची सवय नाय, पण हे कुणाला तोंडानं सांगायला गेलं की लोक मलाच समजावतात. म्हणून लिहितो.

बायकोला शुगर होती. तपासणीत निघाली त्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "काका, आता सगळं तुमच्या हातात." तो सगळ्यांनाच तसं म्हणत असेल. मी मात्र धरून बसलो. कंपनीच्या गेटवर वॉचमन डबे उघडून बघायचा, तसा मी घरात झालो. साखर, गूळ, लग्नातून आलेले लाडू, सगळं माझ्या ताब्यात. आणि मी स्वतः नाक्यावर जाऊन साखरेचा चहा प्यायचो. तिला माहीत होतं. बोलली नाय कधी.

तिला थंड गोड लई आवडायचं. नवीन लग्न झालं तेव्हा गुलमंडीच्या बाजारात गेलो की गाडीवरचा बर्फाचा गोळा घ्यायची, वाकून खायची, लाल थेंब लुगड्यावर पडू नये म्हणून. मुलानं ते ऐकलेलं, म्हणून मशीन पाठवलं. मन चांगलं त्याचं, अक्कल वापरली नाय.

मशीन आलं त्या दिवशी नळाला पाणीही आलं होतं, आठव्या दिवशी, त्यामुळं ती खुशीत होती. कैऱ्या उकडल्या, गर काढला, मीठ-वेलची टाकली. गुळाच्या जागी मी गोडाच्या गोळ्या टाकल्या, शुगरवाल्यांच्या मिळतात त्या. बटण दाबलं आणि आम्ही दोघं मशीनसमोर बसलो. थोडा वेळ बरं चाललं. मग कर्र कर्र सुरू झालं, लाल दिवा लागला आणि स्क्रू अडकला. झाकण काढून बघतो तर पन्ह्याचा दगड झालेला.

प्रेस असती तर आवाजावरून सांगितलं असतं कुठं बिघडलंय. इथं चमच्यानं खरवडत बसलो. शेवटी मुलाला फोन लावला.

"आण्णा, साखर टाकली का?"

"तुझ्या आईला साखर चालती का?"

"अहो, पण साखर नसली की चुरा होत नाय. सरळ दगड होतो. पुस्तकात लिहिलंय बघा."

"पुस्तक इंग्रजीत हाय."

"मग थोडी टाका ना."

मी फोन ठेवला. बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

"म्हंजे मशीनलाबी साखर लागती व्हय?"

"मशीनला लागती. तुला नाय."

"मग मशीनलाच पाजा."

त्याच दिवशी घरातला सगळा गूळ मी डब्यात भरला, डबा फडक्यात बांधला आणि कपाटावर ठेवला. प्रेसवर गठ्ठे बांधायची आमची एक उलटी गाठ असते. सोडली तर दुसऱ्याला तशी परत मारता येत नाय. ती गाठ मारली. चोरी झाली तर कळावी म्हणून. कोणाची चोरी? घरात माणसं किती? दोन.

त्या उन्हाळ्यात तिनं तीनदा मागितलं. "अर्धा ग्लास करा हो. जिभेला लागंल एवढाच." तिसऱ्यांदा मी म्हणालो, "मरायचंय का तुला?" हे मी बोललो. त्यानंतर तिनं मागितलं नाय.

पुढं एक दिवस शेजारच्या भाभींनी भिंतीवरून तिला लिंबाचं सरबत दिलं, सब्जा घातलेलं. मी ग्लास तिच्या हातातून काढून घेतला आणि भाभींवर ओरडलो. गल्ली गोळा झाली.

"कायकू चिल्लारे भाईसाब?" भाभी म्हणाल्या. "सरबतच पिलाई, जहर नै पिलाई."

मग बायकोनं भिंतीकडं जाणंच बंद केलं. वीस वर्षांची त्यांची बैठक मी एका ग्लासापायी मोडली.

थंडीत ती गेली. सकाळी चहा ठेवताना खाली बसली, ती उठलीच नाय. हार्ट म्हणाले. दवाखान्यातला पोरगेला डॉक्टर फाइल चाळत मला म्हणतो, "काकूंची शुगर तर एकदम कंट्रोलमध्ये होती." त्याच्या थोबाडीत द्यावी वाटली. दहाव्याला पाहुणे तेच बोलले, "तुम्ही लई जपलं त्यांना." जेवढे म्हणाले तेवढ्यांचा मला आजपर्यंत राग आहे. ती गेली त्या दिवशी भाभी येऊन तिच्या पायाशी बसल्या होत्या. माझ्याकडं बघितलं नाय त्यांनी.

आता या वर्षीची आखिती, म्हंजे अक्षय्य तृतीया. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, उन्हाळ्यात त्याला थंड पाणी मिळावं म्हणून. जवळ त्याच्या आवडीचं ठेवतात. मुलगा-सून आले होते. सून पन्हं करता करता सहज म्हणाली, "आण्णा, आईंच्या घागरीजवळच्या ग्लासात गूळ नको ना?"

या घराची सवयच ती. तिची चूक नव्हती. तरी मी ओरडलो, "मेलेल्या बाईला शुगर असती का गं?"

पोरगी रडायला लागली. मी स्टुलावर चढून कपाटावरचा डबा काढला. मला वाटत होतं, अर्धा रिकामा असणार. असावा असंच वाटत होतं. पण गाठ माझीच होती. उलटी, जशीच्या तशी. तिनं हात लावला नव्हता. मी पहारा कुणावर देत होतो?

गूळ काळा पडला होता. किसून पन्ह्यात विरघळवला, पन्हं मशीनमध्ये ओतलं. काही आवाज नाय, दिवा नाय. नळातून मऊ चुरा पडला, जसा मागच्या वर्षी पडायला पायजे होता. एक ग्लास घागरीजवळ ठेवला. दुसरा घेऊन भिंतीपाशी गेलो आणि हाक मारली. भाभी आल्या. ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"अब बनाए?"

"हौ," मी म्हणालो.

त्यांनी एक घोट घेतला. तोंडात धरला. डोळे पुसले नाय, नुसते मिटले. मग म्हणाल्या, "मीठा कम है. उसको इससे जास्ती होना."

मी आत आलो आणि डब्यातला उरलेला सगळा गूळ मशीनमध्ये टाकला. स्क्रू फिरत राहिला, पन्हं पातळच. मुलगा येऊन वाकून बघायला लागला.

"आण्णा, लई गोड झालं. आता हे गोठत नाय. बंद करू का?"

"हात लावू नको," म्हणालो. "फिरू दे."