वायद्याची गाडी

मालगाडी या जातीवर माझा राग लग्नापासूनचा. वडिलांनी लग्नात दिलेला सागवानी पलंग नागपूरहून मालगाडीनं निघाला. लाकूड मुळात इकडच्याच आलापल्लीच्या जंगलातलं, त्यामुळे त्याला इकडची वाट ठाऊक असायला हरकत नव्हती. पण मी चांद्याला संसाराला लागले, फळीवर डबे लावून झाले, शेजारणीशी एक भांडण होऊन ते मिटलंसुद्धा, तरी पलंगाचा पत्ता नाही. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. नवरा तिथल्या मालधक्क्यावरचा बाबू, आणि त्याच्याच घरचा माल बेपत्ता! विचारलं की हे म्हणायचे, "मालगाडी आहे ती. येईल तेव्हा येईल." आम्ही सतरंजीवर झोपायचो.

शेवटी पलंग आला, एक पाय मोडून. ह्यांनी सुताराला गाठून तो बसवून घेतला, आणि त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे वायद्याची गाडी सुरू झाली.

सरकारी नाव काहीतरी लांबलचक होतं. लोकांनी सरळ 'वायद्याची गाडी' करून टाकलं, कारण तिचा माल सांगितलेल्या दिवशी मिळायचा म्हणजे मिळायचा. भाडं जरा जास्त, पण उशीर झालाच तर वरचे पैसे परत. बाकीच्या मालगाड्यांना बाजूला उभं करून हिला पुढे काढत. ह्यांचा आनंद तर विचारू नका. इतकी वर्षं मान खाली घालून 'येईल तेव्हा येईल' म्हणणारा माणूस आता छाती काढून 'बुधवारी या' म्हणायला लागला. जेवताना गाडी, चहाला गाडी. मला सवत आणल्यासारखंच झालं, फक्त हिचा धूर यायचा.

दरवर्षी कोशाची पोती घेऊन मालधक्क्यावर येणारी एक म्हातारी होती. गडचिरोलीच्या पलीकडची, मासेमाऱ्या ढिवर समाजातली बाई. ऐनाच्या झाडांवर किडे वाढवून त्यांचे कोश काढायचे, त्यापासून टसर रेशीम होतं, हा तिच्या घरचा धंदा. नवरा वारलेला, एक तरुण मुलगा. आदल्या वर्षी रोग पडून तिचे सगळे किडे झाडावरच मेले आणि बियाण्यापुरतेही कोश हाती लागले नाहीत. ती धक्क्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबू, यंदा बियाणं नाई भेटलं तर ऐनं मोकळीच राह्यतीन. पोरगा घुग्घुसच्या खाणीत जातो म्हून राह्यला. एकदा जमिनीखाली गेला का तो मले परत भेटत नाई."

ह्यांना तेवढंच पुरे. बिलासपूरकडून बियाण्याचे जिवंत कोश वायद्याच्या गाडीनं मागवून देतो म्हणाले, शुक्रवारी हातात. जिवंत कोशाची गोष्ट निराळी असते. आत किडा झोपलेला असतो, आभाळ भरून आलं की त्याचं पाखरू होऊन तो बाहेर पडतो. वाटेत पाखरं निघाली तर डब्यातच मरायची किंवा उडून जायची. आणि दिवस तर ज्येष्ठ सरत आल्याचे होते.

"आन् उशीर झाला तं?" म्हातारीनं विचारलं.

"पैसे परत," हे म्हणाले.

"पैसे परत देसान. उडून गेलेलं पाखरू परत देसान का?"

मग म्हातारीनंच तोड काढली. त्यांच्यात कोशाचं बियाणं घरात आलं की सगळं घर नेम पाळतं. डोक्याला तेल नाही, दाढी नाही, मासळी बंद, भुईवर झोपायचं आणि बायकोपासून दूर. एकानं मोडला तरी किडे मरतात. "आमी तं पाळतोच," ती म्हणाली. "पण बियाणं तुमच्या गाडीत हाय, वायदा तुमचा हाय. तवा नेम तुमाले बी पाळा लागन."

कोणीही हसून सोडून दिलं असतं. आमच्या ह्यांनी मान डोलावली.

घरी येऊन ह्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. इतक्या महिन्यांनी पलंग आला होता हो! आणि हे आपली सतरंजी काखोटीला मारून मालधक्क्यावर झोपायला चालले. मी म्हटलं, "गाडी तुमची सासू आहे की काय, एवढं मानायला?" तर म्हणाले, "शब्द माझा आहे ना." दाढीचे खुंट वाढले, केस पिंजारले. डबा द्यायला जायची तेव्हा मी दुरून हाक मारायची, "साधूमहाराज, भिक्षा!" धक्क्यावरचे हमाल हसून लोळायचे. म्हातारी आणि तिचा मुलगा बैलगाडी सोडून चिंचेखाली मुक्कामाला होते. ती मात्र हसायची नाही. माझ्याकडे बघत बसायची.

दोन दिवसांनी मी न्हाऊन आले आणि तेलाची बाटली हातात घेतली. घेतली आणि परत ठेवली. का, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. म्हातारीचं ते 'परत भेटत नाई' कानातून जात नव्हतं, एवढं खरं. ह्यांना मी काही बोलले नाही. आयतं चिडवायला मिळालं असतं.

शुक्रवार उजाडला तो ढगाळ. उकाडा असा की पदर अंगाला चिकटत होता. गाडीची वेळ झाली, टळली. तारेवर कळलं की वाटेत एका स्टेशनात बियाण्याच्या डब्याचं चाक तापलं म्हणून तो गाडीतून काढून ठेवलाय. हे तारबाबूच्या खोलीतून हलेनात. कोशांच्या पाट्या दुसऱ्या डब्यात घाला आणि त्याच गाडीला लावा, एवढंच पुन्हा पुन्हा कळवत होते. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते, तो तसाच हातात राहिला. म्हातारीचा मुलगा बैलांना पाणी पाजत होता, पण त्याचं लक्ष घुग्घुसच्या रस्त्याकडे होतं, हे मलासुद्धा दिसलं.

म्हातारी उठून तारबाबूच्या खोलीच्या दाराशी आली आणि ह्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबू, नेम मोडला का कोनी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला असा संताप आला! "माझ्याकडे काय बघता? हा माणूस चार दिवस घराचा उंबरासुद्धा शिवला नाही," मी म्हातारीला म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग डोक्याकडे. ती परत चिंचेखाली जाऊन बसली.

दिवस कलला तेव्हा गाडी आली. शुक्रवार अजून संपायचा होता. ह्यांनी स्वतः डबा उघडला, पाट्या स्वतः उतरवल्या. म्हातारीनं एक कोश तळहातावर घेऊन वजन पाहिलं, दुसरा घेतला, तिसरा घेतला. एका पाटीच्या झाकणावर एकच पाखरू निघालं होतं, पिवळसर, अजून ओल्या पंखांचं. ते तिनं बोटावर चढवून घेतलं आणि मुलाला म्हणाली, "जिते हायेत रे. गाडी जुंप."

त्यानं पाट्या बैलगाडीत रचल्या, वरून पळसाची पानं झाकली आणि बैलांची तोंडं गडचिरोलीच्या वाटेला वळवली.

वायद्याची गाडी पुढे रेल्वेनं बंद केली. हे पुष्कळ दिवस हळहळले आणि त्यांच्याबरोबर मीही. पण तिचं नाव निघालं की मला ते शेवटचंच आठवतं. निघण्याआधी म्हातारीनं कनवटीची बाटली काढून ह्यांच्या डोक्यावर तेल घातलं. नेम सुटला. हे हसत बाजूला झाले, तरी तिनं बाटलीला बूच लावलं नाही.

"बाई, इकडं ये," ती मला म्हणाली. "तुहा बी सुटला."

ह्यांनी वळून माझे कोरडे केस पाहिले. तोंड उघडं ते उघडंच. म्हातारीनं उरलेली सगळी बाटली माझ्या टाळूवर रिकामी केली. तेल ओघळून डोळ्यांत गेलं, आणि बरं झालं गेलं, कारण मी केव्हाची रडत होते.