क्लास नावाचे दोन रकाने

मेधाला हे ठाऊक नाही. मेधा म्हणजे माझी बायको — आणि जे घडलं ते तिच्या भावाच्या बाबतीत, म्हणून तिला तर मुळीच नाही. दुसऱ्या कुणाला सांगायची वेळच आली नाही. की मी येऊ दिली नाही? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित बोलता येईल.

मी पनवेलमध्ये सॉफ्टवेअरची लहानमोठी कामं घेतो. नितीन, माझा मेहुणा, तेव्हा न्हावा शेव्याच्या बाजूला एका खासगी कंटेनर यार्डात नोंदी बघायचा. तिथला प्रोग्राम फार जुना झाला होता. नितीनने साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला आणि ते काम मला मिळालं. जुना डेटाबेस तसाच ठेवायचा, वरून नवी वेबसाइट जोडायची — एवढंच. "काही अडलं तर फोन करा, भावोजी," तो म्हणाला होता.

अडलं. जुन्या डेटाबेसमधल्या रकान्यांची नावं विचित्र होती — कुठे मध्येच जागा सोडलेली, कुठे हायफन, कुठे आकड्याने सुरुवात. ती एकेक करून मार्गी लावली. उरले दोन. एकाचं नाव ‘क्लास’. दुसऱ्याचंही ‘क्लास’च, फक्त शेवटी एक अंडरस्कोर. वेबसाइट बांधायला मी जे तयार फ्रेमवर्क वापरत होतो त्याला दोन्ही चालत नाहीत. पहिला शब्द त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेला, आणि नावाच्या शेवटी अंडरस्कोर त्याला खपत नाही. मग ते आपणच नवी नावं देतं. दोघांना त्याने एकच नाव दिलं — एकाच्या शेवटी शून्य लावून.

एक रकाना होता गिऱ्हाइकाच्या भाड्याच्या दराचा. दुसरा, आतला माल कसल्या धोक्याचा आहे त्याचा. पण कुठला कुठला? दोन्हींत एकेक आकडा, तोही क्वचित. बाकी सगळं रिकामं. नुसतं बघून कळण्यासारखं नव्हतं. नितीनने जुन्या प्रोग्रामात एखादा कंटेनर उघडून लगेच सांगितलं असतं. मी फोन केला नाही. बायकोच्या धाकट्या भावाला काय विचारायचं — मनात एवढंच होतं. दुसरं कारण शोधून बघितलंय, सापडत नाही. मी अंदाजाने ठरवलं. उलटं ठरवलं.

जुना प्रोग्राम बंद झाला, नवा सुरू झाला. धोक्याचा रकाना पडद्यावर रिकामा दिसला म्हणून एक कंटेनर साध्या रांगेत गेला. जनार्दन नावाच्या उरणकडच्या कामगाराने तो तपासणीसाठी उघडला — डोळ्यांवर चष्मा नाही, हातमोजे नाहीत. आतलं अ‍ॅसिडचं पिंप गळत होतं. त्याचा एक डोळा गेला.

तो कंटेनर नितीनने नोंदवलेला होता, जुना प्रोग्राम चालू असताना. कागदांवर आठ होता, म्हणजे अ‍ॅसिडसारखा माल. पडद्यावर धोक्याच्या रकान्यात काहीच नाही; तो आठ दराच्या रकान्यात गेला होता, आणि तिकडे कुणी बघितलं नाही. नितीन सांगत राहिला, मी आठ टाकला होता. शेवटी साहेबांनी मला बोलावलं. जुन्या डेटाबेसमधलं मूळ टेबल आता फक्त मलाच उघडता येत होतं. उघडलं. आठ तिथे होता — नितीनने टाकलेला, बरोबर जागी.

"सिस्टिममध्ये गडबड नाही ना?" साहेबांनी विचारलं.

नितीन माझ्याकडे बघत होता. आशेने म्हणू? हो, आशेनेच.

मी लॅपटॉप अर्धा मिटला. "जे भरलं असेल तेच दिसतं, सर," म्हणालो.

त्या वेळी मला काय वाटलं? आठवायचा प्रयत्न करतो — खोलीतला एसी आठवतो, साहेबांचं मान हलवणं आठवतं. वाटल्याचं काही आठवत नाही.

नितीनची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी मी दोन्ही नावांची अदलाबदल केली, मधल्या काळातल्या नोंदीही सरळ केल्या. साहेबांना सांगितलं, छोटंसं अपडेट आहे.

नितीनने मला जाब विचारला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. तो आधी चिडला, आणि मग — हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं — त्याला ते पटलं. आपणच विसरलो असणार. भावोजींनी स्वतः तपासलं ना! आता तो तळोज्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघतो. कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो, पुन्हा चढतो. बँकेचा फॉर्म भरला की मेधाकडून वाचून घेतो. मेधा म्हणते, हा पहिल्यापासूनच वेंधळा. तो वेंधळा नव्हता. मी ऐकतो आणि भात वाढून घेतो.

मागच्या दिवाळीत तो म्हणाला, "भावोजी, मला जनार्दनदादांकडे न्याल का? एकट्याने जायचा धीर होत नाही."

माझ्याकडे गाडी आहे. मी नेलं.

जनार्दन पडवीत खुर्चीवर बसला होता. नितीनने वाकून त्याचे पाय धरले. "दादा, माझ्यामुळे झालं हे. मी आकडा टाकायला विसरलो."

जनार्दनने त्याला धरून उठवलं. "जाऊ दे रे. आमी मनात काय ठेवलं नाय. तू निदान आलास तरी. बाकी कोन नाय आला." मग माझ्याकडे बघायला त्याने मान जरा जास्तच वळवली. "ह्ये कोन?"

"माझे भावोजी."

"बसा ना. उभे कशाला?"

मी बसलो. त्याच्या बायकोने चकल्या आणि चहा आणून ठेवला. नितीन रडत होता. जनार्दन त्याच्या पाठीवर हात फिरवत होता. बोलायला मला कुणी अडवलं होतं? कुणीही नाही. दोघंही समोर होते, हाताच्या अंतरावर.

मी चहा संपवला. चांगला झाला होता, तसं सांगितलंही. मग म्हणालो, "निघू या, नितीन. पुढे ट्रेलरची रांग लागते."