चार बोटांचा जीव

माझे थोरले दीर नेंगाह लुंगिद आमच्या गावचे उंडागी. घर कुठे, किती रुंद, किती उंच, हे उंडागीनं ठरवायचं. घरधन्याचे पसरलेले हात, कोपर, मूठ यांवरून ते बांबूची मापकाठी करीत आणि प्रत्येक मापाला शेवटी थोडं जास्त देत; खांबाला चार बोटं. त्या जास्तीला आम्ही जीव म्हणतो. तो नसला तर घर म्हणजे लाकडांचा ढीग.

चार वर्षं त्यांच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. मग माझा भाचा कोमांग आर्सा आला. तो देनपासार शहरात शिकून आर्किटेक्ट झालेला. भातखाचरं बुजवून भाड्याचे बंगले उठत होते, त्यांच्या दर्शनी बाजूला बारा खांबांचा एक मंडप जुन्या रीतीचा हवा होता. दिरांनी विचारलं, राहणार कोण. दर आठवड्याला नवं माणूस, असं उत्तर आलं.

"मग माप कुणाचं घेऊ?"

"कुणाचंही घ्या हो काका. मालक सिंगापुरात, त्यांचे हात काही इथवर पोचत नाहीत."

दीर हसले नाहीत. आठवड्यानं काठी तयार झाली. नन्सच्या शाळेमुळे माझं अक्षर बरं, म्हणून त्यांची मापं मीच उतरवते. पसरलेल्या हातांचं माप लिहिताना मी थांबले. उंचीच्या मानानं ते पेरभर कमी होतं. दिरांच्या डाव्या मधल्या बोटाचं पेर तरुणपणीच पटाशीखाली गेलं आहे.

"ब्ली," मी म्हणाले; थोरल्या भावाला आम्ही असंच हाक मारतो. "हे तुमचं माप आहे."

"बिनमाणसाच्या मापाचं घर बांधू नये. कोण येऊन राहील सांगता येत नाही."

"आणि त्या मंडपाला काही झालं तर?"

"तू लिही."

मंडप उभा राहिला. पुरोहितानं तीर्थ शिंपडून, मंत्र म्हणून त्याला जिवंत केलं. त्या दिवसापासून दीर कमी जेवू लागले. विचारलं तर म्हणत, मी इथे पुरता नाही.

महिन्याभरानं कोमांग पुन्हा आला. मंडपाला बसवायच्या काचा तयार मापाच्या आल्या होत्या आणि खांब उंच पडत होते. नेमकी चार बोटं. दुसऱ्या सकाळी ते पायथ्याशी कापायचं ठरलं होतं.

माप कुणाचं ते मी त्याला सांगितलं. शिकला तरी तो आमच्यातलाच. त्याचा चेहरा उतरला. काचा परत जात नाहीत, ठेकेदार ऐकत नाही, असं काहीबाही बोलत राहिला. शेवटी त्यानं दिरांना विचारलं, मंडप दुसऱ्या कुणाच्या मापावर करून घेता येईल का.

"येईल की," दीर म्हणाले. "पुन्हा विधी करावा लागेल. तुझं माप देतोस?"

कोमांगनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग ते काखेत दाबून धरले आणि मोटारसायकल घराबाहेर आहे, असं पुटपुटत निघून गेला.

सकाळी खाचरांपलीकडून करवतीचा आवाज येऊ लागला. दीर आमच्या अंगणातल्या भिंतीला पाठ टेकून, हात पसरून उभे राहिले.

"मंडपाची काठी लाव," म्हणाले.

मी लावली. जीव न धरता त्यांच्याच पसरलेल्या हातांएवढी केलेली ती काठी आता दोन्हीकडून त्यांच्या बोटांच्या पुढे उरली. मी दोनदा लावून पाहिली. पलीकडे पहिलाच खांब अजून कापून व्हायचा होता.